कुठल्या सालची गाडी?

ताडपत्री ओढली तेव्हा आधी एक चिचुंद्री पळाली, मग धूळ उडाली, आणि धूळ बसल्यावर आण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, गाडी दिसली. चौदा वर्षं एकाच जागी उभी. मागचं डावं चाक पार बसलेलं, त्यामुळे ती कोपरावर टेकून कलंडलेल्या म्हाताऱ्यासारखी वाटत होती.

गाडी महिंद्राची एफसी-१५०, १९६९ ची. ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांनी अशी कल्पना करावी, की जीपच्या तोंडावर कुणीतरी सणसणीत चपराक मारून तिचं नाकच आत बसवलंय. चालक पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसतो. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली धगधगत असतं. या अवघडलेपणाचा फायदा एकच, पण मोठा: सव्वाबारा फुटांच्या गाडीत सहा फुटांचा हौदा मावतो. अमेरिकेत विलीज कंपनीसाठी ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी हे रूप काढलं आणि १९५७ च्या मॉडेलपासून ती तिकडे विकली गेली. तिकडे तिचे दिवस संपत आले तेव्हा, १९६५ च्या सुमारास, महिंद्राने ती इकडे बनवायला घेतली. आमच्याकडे, निफाड तालुक्यात, ती आली तेव्हा हौदा गावच्या सुताराने सागाच्या फळ्यांचा करून दिला होता. द्राक्षाच्या छाटणीला मजूर, टोमॅटोच्या जाळ्या, लग्नाचं वऱ्हाड, बाळंतीण, एकदा तर गणपतीही त्याच हौद्यातून आला. थंडीत पहाटे बाजाराला निघालो की आम्ही पोरं इंजिनच्या झाकणावर हात शेकायचो. उन्हाळ्यात त्याच झाकणाशेजारी बसायची पाळी आली की रडायचो.

गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची यावर घरात एकमत होतं. कशी आणायची, यावर माझा थोरला भाऊ आणि माझी लेक यांच्यात जे जुंपलं ते दोन महिने चाललं. मला गाडी चालवता येते, दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे मधे बसून चहा पाजण्यासाठी माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

माझा अंदाज साफ उलटा निघाला. भाऊ सदुसष्ट वर्षांचा, आयुष्यभर ही गाडी चालवलेला. मला वाटलं तो हळवा होईल, एका नटालाही हात लावू देणार नाही. लेक एकोणतीसची, चाकणला गाड्यांच्याच कारखान्यात नोकरीला. ती म्हणेल नवं इंजिन बसवा, एसी बसवा. झालं भलतंच.

लेक : काका, माझं एकच म्हणणं आहे. कारखान्यातून निघाली तशी करायची. विहिरीजवळच्या शेडमध्ये जुनं पेट्रोल इंजिन पडलंय, ते पुन्हा बसवायचं. रंगही तोच.

भाऊ : आणि कुठं न्यायची? प्रदर्शनात?

लेक : कुठंही न्या. पण निदान ती तीच गाडी असेल.

भाऊ : अगं, तीच गाडी मी चालवलीय. तू फोटोत पाहिलीस. तिचे ब्रेक म्हणजे नवस होता नवस. लागला तर लागला.

लेक : सगळ्याच जुन्या गाड्यांचे तसे असतात.

भाऊ : म्हणून तर बदलायचे! मला बोलेरोचं इंजिन पाहिजे, पाच गिअरची पेटी पाहिजे, पुढं डिस्क ब्रेक पाहिजेत, पॉवर स्टेअरिंग पाहिजे. सकाळी पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटो घेऊन जाईन अशी गाडी पाहिजे. वरून आण्णांची, आतून आत्ताची.

लेक : मग नवीन पिकअपच घ्या की. तिच्यावर या गाडीचा पत्रा चढवा.

हे बोलणं जरा लागलं. भाऊ उठून गोठ्याकडे गेला. पण अर्ध्या तासाने परतला तेव्हा हातात तंबाखू होती आणि डोक्यात कसारा घाट.

तो किस्सा मी लहानपणी दहा वेळा ऐकला होता, पण दर वेळी आण्णा समोर असायचे आणि भाऊ तो थट्टेवारी न्यायचा. या वेळी आण्णा नव्हते.

भाऊ : एकोणऐंशी साल. गाडी पाऊण टनाची, आण्णांनी वीस पोती कांदा टाकलेला. रात्री इगतपुरी सोडली, घाट उतरायला लागलो. दुसऱ्या गिअरला इंजिन कोकलत होतं म्हणून मी तिसरा टाकला. माझी चूक. मग वळणावळणाला ब्रेक, ब्रेक, ब्रेक. वास यायला लागला. मग पेडल मऊ झालं. आणि एका वळणाला पाय सरळ फळीला टेकला. खाली काहीच नाही.

लेक : तेल उकळलं असणार. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, म्हणून पेडल खोल जातं. तापलेल्या लायनरची पकडही सुटते. आणि व्हील सिलिंडरमधलं तेल जुनं असेल, त्यात पाणी शिरलं असेल, तर त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. त्यामुळे पाय नुसता वाफ दाबत राहतो.

भाऊ : तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच कळलं की गिअर खाली आणायचा. पहिला टाकायला गेलो तर पेटी नुसती करकरली. त्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, चालत्या गाडीत तो पडायचाच नाही. मग क्लच दाबला, न्यूट्रल केलं, क्लच सोडून रेस दिली, पुन्हा क्लच दाबून दुसरा घातला. पडला. नि डावी बाजू डोंगराला घासत घासत थांबवली. हौद्याच्या तीन फळ्या गेल्या. कांदा रस्त्यावर. आण्णा दुसऱ्या दिवशी आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हणाले, किती पोती वाचली?

लेक काही वेळ बोलली नाही. पण ती माझी लेक असली तरी वादात आजोबांवर गेलीय.

लेक : वीस पोती टाकली नसती तर हे झालं नसतं. आणि घाट ज्या गिअरने चढतात त्याच गिअरने उतरायचा, हे तर शाळेतल्या पोराला माहीत असतं.

भाऊ : बरोबर आहे. पण माणूस चुकणार हे धरून ब्रेक करायचे असतात. माणूस कधी चुकणारच नाही असं धरून केलेले ब्रेक आण्णांना चालले, मला चालणार नाहीत.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की भाऊ जिंकला. मिस्त्रींना बोलावलं तेव्हा त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन आणखी एक गोष्ट दाखवली. एकच मास्टर सिलिंडर, त्यातून निघणारा एकच मार्ग, तोच चारी चाकांना फुटतो. कुठेही एका ठिकाणी पाइप गळला, रबर फाटलं, की चारी चाकांचा ब्रेक एकदम जातो. हल्लीच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन कप्पे असतात, एक मार्ग गेला तरी दुसरा अर्धी गाडी धरून ठेवतो. त्याला टँडम मास्टर म्हणतात. लेकीने त्या क्षणी मान हलवली. टँडम मास्टरवर वाद संपला.

डिस्कवर संपला नाही. तिचं म्हणणं, पुढच्या ॲक्सलवर डिस्क बसवायची म्हणजे नकल, हब, सगळं बदलायचं. त्यापेक्षा ड्रम लेथवर घासून घ्या, नवे लायनर लावा, तेल दर दोन वर्षांनी बदला आणि भार पाऊण टनाच्या आत ठेवा. भाऊ म्हणायचा, तू मला लायनर शिकवू नको. मग मिस्त्रींनी एक गाठ सोडवायला घेतली आणि दुसरी तीन पाडून ठेवली.

मिस्त्री : डिस्क लावली तर बूस्टर लागेल. डिस्कला पाय जास्त द्यावा लागतो. आणि बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. ताई, तुमचं पेट्रोल इंजिन बसवलं तर व्हॅक्यूम फुकट मिळेल. डिझेलला मिळत नाही.

भाऊ : का नाही मिळत?

लेक : पेट्रोल इंजिनमध्ये हवेच्या वाटेवर झडप असते, काका. पाय काढला की ती मिटते आणि इंजिन हवा ओढायला धडपडतं, तिथे पोकळी तयार होते. डिझेलला ती झडप नसते. हवा मोकळी येते, रेस फक्त डिझेलच्या मापाने होते. म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.

मिस्त्री : अल्टरनेटरच्या पाठीवर येतो तो. तुमच्या गाडीला अजून डायनामो आहे. म्हणजे आधी अल्टरनेटर.

भाऊ : तो तर पाहिजेच. डायनामोवर गाडी उभ्याने चालू ठेवली की लाइट मेणबत्तीसारखे व्हायचे.

असं होतं. एक धागा ओढला की अख्खी बाही उसवते. ब्रेकचा प्रश्न इंजिनाकडे गेला, इंजिनाचा प्रश्न विजेकडे. आणि इंजिन म्हटलं की दोघे पुन्हा आपापल्या मेढीला.

शेडमधलं पेट्रोल इंजिन म्हणजे विलीजचं हरिकेन. २१९९ सीसी, चार सिलिंडर, सत्तर-पंचाहत्तर घोड्यांचं. मिस्त्रींनी त्याचं हेड उघडलं तेव्हा मलाही ते पाहून गंमत वाटली. आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि जळका धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे विचार एकाच घरात नांदल्यासारखे. त्याच्या आधीच्या युद्धातल्या जीपमध्ये दोन्ही वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. विलीजने ब्लॉक तसाच ठेवून अर्धे वॉल्व्ह वर नेले आणि ताकद वाढवली. म्हणजे लेक ज्याला मूळ म्हणत होती ते इंजिनही कुणीतरी जुन्यावर केलेली सुधारणाच होती. हे मी बोलून दाखवलं तर दोघांनीही माझ्याकडे चहा संपल्यासारखं पाहिलं.

लेक : बोअर करून घेऊ, पिस्टन-रिंग टाकू. हे इंजिन मरत नाही.

भाऊ : मरत नाही, पण पितं. लिटरला आठ. म्हणून तर आण्णांनी काढलं. त्र्याहत्तर सालानंतर पेट्रोल भडकलं, ते कधी खाली आलंच नाही. जीपवाले तेव्हा एकेक करून डिझेलकडे गेले. आण्णा पंधरा वर्षं कुरकुरत राहिले आणि मग गेले.

मिस्त्री : आणि ताई, आताचं पेट्रोल वेगळं आहे. वीस टक्के इथेनॉल. कार्बोरेटरची पॅकिंग, पंपाचा पडदा, रबरी नळ्या, सगळं जुन्या रबराचं. ते फुगतं, चिरतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीला आतून गंज.

लेक : रबर नवीन मिळतं. इथेनॉलला टिकणारं.

भाऊ : मिळतं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जोर कमी, म्हणजे लिटरला आठचे साडेसात. आपल्याच उसाचं पाणी आपल्याच टाकीत, आणि पैसे आपल्याच खिशातून!

आता मधलं इंजिन. गाडीत आज जे बसलेलं आहे ते. १९८८ मध्ये आण्णांनी अपघातात गेलेल्या एका एमएम-५४० जीपचं डिझेल इंजिन विकत घेऊन या गाडीत बसवलं. हे इंजिन फ्रान्सच्या प्यूजोच्या आराखड्याचं, नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. क्षमता २११२ सीसी, बासष्ट घोडे, म्हणजे काढलेल्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमीच. पण कमी फिरण्यावर दमदार, आणि लिटरला बारा-तेराला राजी. महिंद्रा ते इगतपुरीला बनवायची. ज्या घाटाने भावाला घाम फोडला त्या घाटाच्या माथ्यावर.

हे इंजिन कुणालाच नको होतं. लेकीला ते बाहेरचं वाटत होतं, भावाला जुनाट. मधल्या मुलासारखी त्याची अवस्था. मी स्वतः मधला असल्यामुळे मला त्याची जरा कणव आली.

कायद्याची बाजू लेकीने काढली, आणि तिच्याच विरुद्ध गेली. तिला वाटत होतं की गाडी मूळ रूपात आणली तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. २०२१ मध्ये केंद्राने तसा नियम केला आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, चेसीस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षांची.

भाऊ : मग ती कुठं चालवायची?

लेक : प्रदर्शन, रॅली, तेल भरायला आणि दुरुस्तीला न्यायला. रोजच्या वापराला नाही. आणि व्यवसायाला तर नाहीच.

भाऊ : म्हणजे वीस हजार देऊन बायकोला माहेरी ठेवायची.

लेक : आणि हा नियम खासगी गाड्यांपुरता आहे. आपली आरसी मालवाहूची आहे. त्यामुळे तो विषयच संपला.

हे सांगताना तिचा चेहरा पडला होता, पण सांगितलं तिने स्वतःच. मला त्याचं कौतुक वाटलं. पुढचं तर त्याहून मजेशीर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत वाटेल ते बदल करता येत नाहीत, आणि इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते. आता आपल्या आरसीवर काय आहे? १९८८ मध्ये आण्णांनी रीतसर नोंद करून घेतलेली. इंधन : डिझेल. इंजिन नंबर : त्या एक्सडीपीचा.

मिस्त्री : म्हणजे ताई, तुम्ही मूळ पेट्रोल इंजिन बसवलंत तर कागदावर तो बदल होणार. इंजिनही दुसरं, इंधनही दुसरं.

भाऊ : (खूश होऊन) हिचं मूळ म्हणजे बेकायदा!

मिस्त्री : तुमचं बोलेरोचं इंजिनही तसंच, भाऊ. २५२३ सीसीचं. तेही बदलच. आणि ते बसवायला पुढची आडवी क्रॉस कापावी लागेल, चेसीसला हात लागेल. फिटनेसला गाडी दाखवायची तर साहेब आधी तेच बघणार.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा दोघेही गप्प होते. मीच विचारलं, जे इतक्या दिवसांत विचारायला हवं होतं. आपण गाडी पूर्ववत करायची म्हणतोय, तर कुठल्या सालची? १९६९ ची? तेव्हा तर हौदासुद्धा कारखान्याचा नव्हता, गावच्या सुताराचा होता. १९७९ ची, घासलेल्या डाव्या बाजूची? १९८८ नंतरची, जिच्यात बसून भावाचं लग्न झालं आणि माझी लेक दवाखान्यातून घरी आली? जुन्या देवळांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो म्हणतात, नंतरच्या काळातला सभामंडप पाडायचा की ठेवायचा. पण देवळात कांदा भरत नाहीत, म्हणून ती तुलना मी फार ताणली नाही.

लेकीने मग आण्णांची वही काढली. वही म्हणजे लाल कापडी बांधणीची रोजकीर्द, जिच्यात गाडीचा प्रत्येक खर्च आहे. अक्षर ठणठणीत. भावना शून्य. ‘चैत्र शु. ५. टायर दोन, नवे.’ ‘रेडिएटर सोल्डर.’ ‘पाटे, मागचे, एक जादा पान घातले.’ ही ओळ वाचून लेक म्हणाली, म्हणजे पाऊण टनावर भार टाकायचा म्हणून पाट्यात पान वाढवलं, बघा! भाऊ म्हणाला, बघ, त्यांनीही सुधारणाच केली. एकच ओळ, दोघांच्या बाजूची साक्ष.

मग तिने १९७९ ची पानं उघडली. मी तेव्हा तिथेच होतो, म्हणून सांगतो. कसारा घाटाच्या नोंदीत तीन फळ्यांचा खर्च होता, आणि गेलेल्या पोत्यांचा हिशोब. बाकी काही नाही. पण त्या पानापासून पुढे दर सहा महिन्यांनी एक ओळ होती, जी त्याआधी कधीच नव्हती. ‘चारी चाके उघडून लायनर पाहिले.’ ‘चारी चाके उघडून लायनर पाहिले. पुढचे बदलले.’ ‘ब्रेक ऑइल सर्व काढून नवे.’ दर सहा महिन्यांनी, न चुकता, पुढची नऊ वर्षं. आणि १९८८ च्या इंजिनच्या नोंदीत, किमतीच्या आधी, तीन शब्द जास्त : ‘पेटीसह. चार गिअर.’ त्याच्या पुढे कंसात, आण्णांनी त्या आख्ख्या वहीत केलेला बहुधा एकमेव खुलासा : (पहिला पडतो.)

भाऊ चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

भाऊ : मला वाटलं त्यांना फक्त पोत्यांची काळजी होती.

लेक काही बोलली नाही. बरं केलं.

आता माझं मत, कारण एवढं लिहून मत न देणं हा पळपुटेपणा होईल. लेकीच्या म्हणण्यात मला एक गोष्ट पटली, जी ती पहिल्या दिवसापासून सांगत होती पण भांडणात नीट ऐकू आली नाही. ती म्हणायची, जे नटबोल्टने बसतं ते बसवा, पण कापू नका, वेल्डिंग करू नका. उद्या कुणाला परत फिरवावंसं वाटलं तर फिरवता आलं पाहिजे. आणि काढलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून ठेवा, भंगारात देऊ नका. भावाच्या म्हणण्यातली मला पटलेली गोष्ट त्याहून साधी आहे. गाडीत माणूस बसणार आहे. ब्रेक, स्टेअरिंग, लाइट यांत प्रामाणिकपणा दाखवायचा तर तो गाडीशी नको, त्यात बसणाऱ्याशी हवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. बाकीचं सगळं भांडण हौसेचं होतं, आणि हौसेचं भांडण मिटवायची घाई करू नये.

त्यानंतर कामं भराभर ठरली. एक्सडीपीच राहील. मिस्त्रींनी ते उघडलं तर सिलिंडरच्या लायनरला ओरखडे फारसे नव्हते. रिंगा, बेअरिंगं आणि हेडची पॅकिंग असं हाफ इंजिन काम. हीटर प्लग चारही नवे. डिझेल पंप नाशिकला कॅलिब्रेशनला. डायनामोऐवजी मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर, तोही जुन्या ब्रॅकेटवर बसेल असा. टँडम मास्टर, बूस्टर, ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या, पुढे डिस्क. डिस्कच्या बाबतीत लेक हरली, पण जुने ड्रम आणि हब ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, शेडमधल्या हरिकेनशेजारी तिनेच ठेवले. पॉवर स्टेअरिंगच्या बाबतीत भाऊ हरला. त्यासाठी चेसीसला भोकं पाडावी लागणार होती, आणि किंगपिन नवे टाकल्यावर स्टेअरिंग निम्म्याने हलकं झालं. हरण्याचं समाधान म्हणून त्याने रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा मागून घेतला. इंजिनच्या झाकणाला आतून उष्णता रोखणारा जाड थर लावला, त्यामुळे आता थंडीत हात शेकता येणार नाहीत. याबद्दल मी हरकत घेतली, ती कुणी ऐकली नाही.

केबिनच्या पत्र्यावर लांबी भरताना डाव्या बाजूला डोंगराने काढलेला चरा लागला. मिस्त्री तो बुजवायला निघाले तर लेकीने थांबवलं. भाऊ म्हणाला, बुजवा की, लाज वाटते. ती म्हणाली, राहू दे. या वेळी मी मधे पडलो नाही. चरा राहिला, वर रंग मारला तरी आडव्या उजेडात दिसतो.

गेल्या रविवारी ब्रेकमधली हवा काढायचं काम होतं. मिस्त्री खाली, भाऊ पेडलवर. दाबा, सोडा, दाबा, धरा. चौथ्या चाकाला पेडल वरच्या वर घट्ट झालं. भावाने ते तीनदा दाबून पाहिलं, मग आणखी तीनदा. मग गाडी सुरू केली, हीटर मारून, दुसऱ्या सेल्फला, आणि शेताच्या उताराच्या वाटेवर घेतली. रिकामी गाडी, खालच्या वळणाजवळ त्याने पहिला गिअर घातला. पडला. मग ब्रेक. गाडी सरळ रेषेत थांबली, मागचं टोक जरा उचललं गेलं, कारण या गाडीचं वजन जन्मतःच पुढे जास्त आहे.

लेक ओट्यावर आण्णांची वही घेऊन बसली होती. तीस वर्षांत त्या वहीत नवी ओळ नव्हती. तिने तारीख घातली, मग लिहिलं : ‘टँडम मास्टर, बूस्टर, पुढे डिस्क. चारी चाके पाहिली.’

भाऊ खिडकीतून वाकून बघत होता.

भाऊ : भाव पण लिही. आण्णा भाव लिहायचे.

लेक : बिल कुठंय?

भाऊ : मिस्त्रींकडे. आणि त्यांच्याकडून कमी करून घे, मग लिही.